खुंटीवरचे कोट

त्या शहरात पाऊल ठेवल्या ठेवल्या थोरल्याचं पहिलं मत असं झालं, की इथली माणसं भलतीच विसराळू आहेत. स्टँडवरच्या हमालाने त्याची पिशवी उचलता उचलता विचारलं, "कुठं जायचंय सा..." आणि तो तिथेच थबकला. तोंड उघडं, हात पिशवीवर, नजर समोर. थोरला पुढच्या अक्षराची वाट बघत उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की नुसता हमालच नव्हे, अख्खा स्टँड थबकलाय. चहावालीचं भांडं कपावर कललेलं होतं आणि चहाची धार तेवढी पडत होती. झाडूवाल्याचा झाडू जमिनीला टेकलेला होता. भांडणाऱ्या दोन बायकांची बोटं एकमेकींच्या नाकासमोर तशीच राहिली होती. मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. कप भरून वाहिला, बायका पुढच्या शिवीला लागल्या.

"...हेब?" हमालाने वाक्य पुरं केलं.

"तुम्ही सगळे थांबलात का?"

"कधी?" हमाल म्हणाला, आणि चालायला लागला.

थोरल्याने मनाशी म्हटलं, प्रवासाचा शीण आहे. माणूस तसा भित्रा नव्हे, पण त्याचं जग लहान होतं. धंद्याने शिंपी. जन्मात मशीनच्या पायडलपेक्षा उंच कशावर चढला नव्हता, आणि आज एकदम ढगांच्या डोक्यावर येऊन बसला होता. बसमध्ये त्याचा बिस्किटांचा पुडा फुगून उशीएवढा झाला होता. एका वळणावर तो फट्‌दिशी फुटला तेव्हा पुढच्या सीटवरच्या म्हातारीने वळून त्याच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्याची मान वर होईना.

एवढी यातायात होती आईसाठी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणखी दिवस काढलेत तर डोळे हातचे जातील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणि आईने मांडी ठोकून सांगितलं होतं, "धाकटा आल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही. तो घरात आहे हे मला हाताने कळलं पाहिजे, मगच चाकू लावा." थोरल्याने समजावलं, बायकोने समजावलं, शेजारणी समजावून थकल्या. ब्रह्मदेव आला असता तरी तोही चहा पिऊन परत गेला असता.

धाकटा वर्षभरासाठी म्हणून इथल्या एका शिंप्याकडे कामाला आला होता आणि मग इथलाच झाला होता. फोन करायचा. "येतो दादा, यंदा नक्की ये..." असं म्हणता म्हणता गप्प व्हायचा. रेंज गेली, असं म्हणून थोरला फोन ठेवून द्यायचा.

तर आता थोरला त्याला न्यायला आला होता, परवाच्या बसने, गरज पडली तर कानाला धरून. पिशवीत त्याच्यासाठी नवाकोरा कोट होता. कापड आईने निवडलं होतं, दुकानदाराची ठाणं बोटांनी चाचपून चाचपून. माप घ्यायची थोरल्याला गरज नव्हती. धाकट्याच्या अंगावर पहिल्या लंगोटापासून त्यानेच शिवलेलं कापड होतं.

रस्ता चढाचा होता. उन्हात पाठ भाजत होती आणि सावलीत पाय टाकला की दात वाजत होते. घरं दगडी, खिडक्या इवल्याशा, आणि आवाज मात्र कुठून कुठे ऐकू येत होते. वरच्या गल्लीत कोणी सुरी आपटली की ती आपल्याच पाठीमागे आपटली असं वाटे. चार पावलं गेली की थोरल्याला भिंतीला हात लावून उभं राहावं लागे, आणि तो उभा असताना पुन्हा एकदा सगळी गल्ली थांबली. दप्तर घेतलेली पोरं एका पायावर. उंबऱ्यात बसलेला म्हातारा जांभईत. एकटा थोरला धापा टाकत होता, आणि त्या गप्प गल्लीत त्याची धाप इतकी मोठ्याने वाजत होती की त्याला लाज वाटली. नंतर गल्ली चालू झाली. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं.

शिंप्याचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. आत दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, कोळशाची इस्त्री आणि तिन्ही भिंतींना खुंट्याच खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक कोट. दुकानाचा मालक, ज्याला सगळे मास्तर म्हणत, तोंडात टाचण्या धरून बसला होता. त्याने मानेनेच या म्हटलं.

थोरल्याची नजर कोटांवर गेली. शिंप्याची नजर जाणारच. शिवण सरळ, काजं स्वच्छ, पण छाती सगळ्यांची अवाढव्य. आणि मग त्याला दिसलं की त्या छात्या हलताहेत. दार बंद होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. रिकाम्या कोटांचे पुढचे पल्ले हळूहळू वर येत होते, हळूहळू बसत होते. एखादा जलद, एखादा संथ, कोपऱ्यातला एक तर थोडी घरघर करत.

"त्यांना पडसं झालंय," मास्तर टाचण्या काढून म्हणाले. "पोस्टातले साहेब. कोट दुरुस्तीला आहे, पण श्वास त्यांचाच ना. जाईल दोन दिवसांत."

थोरला दाराकडे मागे सरकला. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून धाकटा उतरला आणि "दादा!" म्हणून त्याने मिठीच मारली. थोरल्याला रडू आलं. मिठीत त्याच्या हातांना जे कळायचं ते कळलं. भावाभोवती त्याचे हात पुरत नव्हते.

वर, धाकट्याच्या खोलीत, चहा उकळ्या फुटत असतानाच ओतला आणि तरी घटाघट पिता आला. बटाटे दुपारपासून शिजत होते, ते अजून दाताला लागत होते. थोरला आईचं सांगत होता, धाकटा खाली मान घालून ऐकत होता.

"बरं, हा घालून बघ," थोरल्याने कोट काढला. "आईने निवडलंय कापड."

धाकट्याने अंगातला कोट काढून खुंटीला लावला आणि नवा चढवला. खांदे बरोबर. बाही बरोबर. बटण मात्र काजापासून चार बोटं लांब. थोरल्याने टेप टाकून पाहिलं, पुन्हा टाकून पाहिलं. हातात कला असलेल्या माणसाची अशी फजिती वाईट.

"इथं सगळ्यांचं तसंच होतं दादा. हवा पातळ आहे. छाती रुंद करून घ्यावी लाग..." तो थांबला. खाली मशीन थांबलं. गल्ली थांबली. थोरल्याने खुंटीकडे पाहिलं. धाकट्याचा जुना कोटही, पल्ला अर्ध्यावर उचललेला, तसाच थांबला होता. मग भाऊ आणि कोट दोघांनी बरोबरच श्वास घेतला.

"...ते," धाकटा म्हणाला.

"हे काय आहे रे?"

"हे होय? कोट वर्ष-दोन वर्षं अंगावर राहिला की शिकतो. माणूस कुठंही असू दे, कोट त्याच्याबरोबर श्वास घेतो. इथल्या बायका नवरा खाणीत गेला की त्याचा जुना कोट चुलीपाशी टांगून ठेवतात. पल्ला हलतोय तोवर स्वैपाक करतात." त्याने हे अगदी साधं सांगितलं, जसं कोणी सांगावं की आमच्याकडे नळ सकाळी येतो.

"आणि ते मधेच थांबणं?"

"कोण थांबतं?"

थोरल्याने विषय सोडला. त्याला कोटांशी काही कर्तव्य नव्हतं, त्याला भाऊ पाहिजे होता. "परवाची बस. मी दोन तिकिटं सांगून ठेवलीत."

धाकट्याने नव्या कोटाचं बटण उगाच चाचपलं. "मी खाली टिकत नाही दादा. एकदा निघालो होतो. मधल्या वळणावरून ड्रायव्हरने परत आणून घातलं. खालची हवा आत जाते, पण मावत नाही."

"आईला हे सांगू? हवा मावत नाही म्हणून सांगू? तिचे डोळे चाललेत रे!"

"येतो," धाकटा म्हणाला. "तू आलायस, तर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला नवा कोट उसवायला दुकानात बसला. चांगला शिंपी शिवणीत माया ठेवतो, म्हणजे आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड, पुढेमागे अंग भरलं तर सोडायला. थोरल्याने भावासाठी भरपूर माया ठेवली होती. ती सगळी सोडली तरी चार बोटांतली दोनच भरत होती. बोटं गारठून कातर धरवेना. मास्तरांनी टेबलाच्या खणातून एक कोट काढून त्याच्यापुढे टाकला. "घाला हा तोवर. काम करायचं तर हात गरम पाहिजेत."

थोरल्याने बाहीत हात घातला आणि तो दचकला. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता, मशीनवर वाकून वाकून झालेला. या कोटाचाही डावा खांदा तितकाच उतरता होता. उजवी बाही कणभर लांब, जशी तो स्वतः आपल्या सदऱ्याला ठेवायचा. फक्त छाती मोठी होती, त्याच्यापेक्षा चांगलीच मोठी.

"कोणासाठी शिवलाय हा?"

मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा मशीनमागे ओशाळला. "मीच शिवला. आठवण आली की थोडा थोडा शिवायचो. मापं पाठ होती."

"आणि छाती? छाती कोणाची धरलीस?"

"इथं राहिलास तर होईल तेवढी," धाकटा हळूच म्हणाला.

थोरल्याचा पारा चढला. "म्हणजे मला इथे डांबायचा बेत होता तर! आई तिकडे भिंती चाचपत फिरतेय आणि हे महाराज माझ्या छातीची मापं काढतायत!"

"बेत कसला?" मास्तर म्हणाले. "आम्ही कोट आधीच कापून ठेवतो. माणूस गारठून आल्यावर कापायला बसलं, तर कोट होईस्तोवर माणूस राहत नाही. आला तर घालतो, नाही आला तर राहतो खुंटीवर. तुम्ही आलात." असं म्हणून त्यांनी पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

थोरल्याला कोट काढून फेकावासा वाटला, पण थंडी मी म्हणत होती. बगलेपाशी पोकळी वाटत होती, कोणाचा तरी वाटा आत रिकामा ठेवल्यासारखी. जाऊ दे, कामापुरता, असं म्हणून तो खाली मान घालून शिवत बसला. काजं पुढे सरकवली, बगलेत कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, जोडली. दुपारी जेवताना कोट अंगावरच राहिला. जिना चढताना धाप कमी लागली तेव्हा त्याला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत बगलेतली पोकळी कुठे गेली ते कळलंही नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि तिचा त्याला आनंदच झाला. आज गल्ली एकदाही थांबली नव्हती.

निघायच्या दिवशी त्याने तो कोट काढून मास्तरांसमोर खुंटीला लावला. "तुमची वस्तू तुम्हाला. मी काही परत यायचा नाही."

"राहू दे इथं," मास्तर म्हणाले. "तो काही खायला मागत नाही."

थोरला पाठ फिरवून निघाला. मागे वळून त्याने बघितलं नाही. बघायला हवं होतं.

बसमध्ये धाकटा खिडकीशी बसला. अंगात त्याचा जुना कोट, मांडीवर नवा. पहिली काही वळणं तो हसत होता, आईला काय काय विचारायचं ते सांगत होता, वहिनीच्या हातच्या जेवणाच्या गोष्टी काढत होता. मग बोलणं तुटायला लागलं. ओठ निळसर झाले. थोरला म्हणत राहिला, "लांब श्वास घे. हवा भरपूर आहे इथं. घे ना!" आणि धाकटा घेत होता. बाटलीने पाणी प्यावं तसा गटागटा घेत होता, आणि तरी बुडत होता.

मधल्या वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. दर फेरीला तो तिथे थांबवायचा आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. धाकट्याजवळ येऊन त्याने मान हलवली. "हे परत जाणार. वर जाणारी गाडी येईल एवढ्यात."

"नाही जाणार! अजून थोडं खाली गेलं की सवय होईल त्याला."

"भाऊ, मी असे तिघं खाली नेलेत," ड्रायव्हर आवाज न चढवता म्हणाला. "तिघांच्या घरच्यांनी हेच म्हटलं होतं. चौथा नेणार नाही."

थोरला भावाकडे बघत राहिला. आईचे डोळे एका पारड्यात, हा दुसऱ्या पारड्यात. असलं वजन करायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. शेवटी त्यानेच धाकट्याला काखेत धरून खाली उतरवलं.

रस्त्याच्या कडेला धाकट्याने अंगातला कोट काढला आणि त्याच्या हातात दिला. "आईला हा दे. तिला म्हणावं, हात ठेवून बघ. मीच आहे." नवा कोट त्याने अंगात घातला. खालची दोन बटणं लागली, छातीवरचं लागलं नाही. समोरून गाडी आली, आणि आईने निवडलेल्या कापडाची पाठ दारातून आत गेली.

उरलेला सगळा रस्ता थोरल्याच्या शेजारच्या सीटवर तो कोट होता. आधी धापा टाकत होता. मग जसजशी ती दुसरी गाडी वर चढत गेली असेल, तसतसा शांत झाला. पल्ला वर, पल्ला खाली. थोरल्याने त्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले.

घरी आल्यावर तो आईशी खोटं बोलला. कोट आरामखुर्चीत नीट बसवला आणि म्हणाला, "आलाय गं धाकटा. प्रवासाने घसा बसलाय, बोलवत नाही त्याला." बायकोने तोंडाला पदर लावला. आई चाचपत आली. तिने पल्ल्यावर हात ठेवला. मग बाहीवर ठेवला. बाहीवरचा हात तिने पटकन काढून घेतला आणि परत पल्ल्यावर नेला. चार-सहा श्वास तिने हाताखाली मोजून घेतले.

"बरं," आई म्हणाली. "आला ना? चला मग दवाखान्यात."

ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी सुटेपर्यंत आई खुर्चीजवळ बसून राहायची, पल्ल्याला कान लावून. थोरला समोर मशीनवर असायचा. आपण आईला फसवलं, हे त्याला आतून खात होतं. पट्टी सुटली की काय होईल, या विचाराने तो एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवायचा.

पट्टी दवाखान्यात सुटली. आईने डॉक्टर पाहिले, सून पाहिली, रस्त्यातली माणसं, गाड्या, झाडं सगळं पाहिलं. दुपारी घरी येऊन ती खुर्चीसमोर उभी राहिली. थोरला हात जोडून पुढे झाला. "आई, मी..."

"गप रे. माझे डोळे गेले होते, हात नव्हते गेले. बाही रिकामी आहे हे कळायला मोतीबिंदू आड येतो होय? पण श्वास माझ्या पोराचा होता. कुठं का असेना, घेतोय ना? म्हणून गेले दवाखान्यात." तिने खाली बसून कोटाची कॉलर सारखी केली. "सगळं सांग आता. खरं."

थोरला मशीनच्या स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. स्टँड, गल्ली, खुंट्या, मधलं वळण. उतरत्या खांद्याच्या कोटाचं तेवढं सांगितलं नाही. त्याचं काय सांगायचं, कोट शिकायला वर्ष लागतं, त्याने तर जेमतेम दीड दिवस घातला होता. आई ऐकत होती आणि आपले नवे डोळे भरून त्याच्याकडे बघत होती.

"...मग त्याने हा काढून दिला," थोरला म्हणाला, "आणि म्हणाला, आईला सांग, हात ठेवून ब...घ."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने खुर्चीतल्या कोटाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. 

"काय झालं आई?"

"पट्टी होती तेव्हा मला वाटायचं, एकाचाच श्वास ऐकू येतोय. म्हटलं, तू कामात असशील," आई म्हणाली. "तो थांबला की तूही थांबतोस रे."

"कधी?" थोरल्याने विचारलं.

आईने पुढे होऊन त्याच्या छातीवर हात ठेवला, जसा रोज त्या कोटावर ठेवत होती.

"बाळा," ती म्हणाली, "तू तुझा कोट कुठं ठेवून आलास?"